ट्रक शिकताना घर कोण चालवणार?

वाचकाचं पत्र

मी २३ वर्षांचा, सावनेर तालुक्यातला, दहावी पास. हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातो, महिन्याला १२,००० मिळतात. मे संपताना जिनिंग बंद होते. कारचं लायसन काढून १४ महिने झाले. आता ट्रक शिकायचा आहे. घरी आई, बायको आणि मी. तिघांचा खर्च ९,००० होतो, मी घरी नसलो तर ७,५००. साठवलेले ३२,००० आहेत. तीन ठिकाणी चौकशी केली. नागपूरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलने ३० दिवसांचे १५,००० सांगितले. नागपूरजवळच्या वाडीतला एक ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, सहा महिने क्लीनर म्हणून ये, फी नाही, पगार नाही, रोज १५० रुपये खुराकी देतो, गाडी शिकवतो आणि लायसनही काढून देतो. बुटीबोरीकडच्या एका कंपनीत दोन महिने ट्रेनिंग आणि पुढे चार महिने सेकंड ड्रायव्हर, सहाही महिने ७,००० स्टायपेंड, राहायला यार्डात खोली. पण लायसन आणि मार्कशीट ओरिजिनल जमा करायचे आणि १८ महिन्यांचा बॉण्ड. मधेच सोडलं तर ५०,००० भरायचे. सावनेर ते नागपूर एसटीला जाऊन-येऊन १४० रुपये लागतात. मित्र म्हणतात वाडीवाला बरा, खिशातून काही जात नाही. तुम्ही सांगा. आता फेब्रुवारी चालू आहे, मेपर्यंत माझं काम पक्कं आहे.

उत्तर

तिघांमध्ये वाडीवाला सगळ्यात महाग आहे. मित्रांनी फी पाहिली, पण घराचे सहा महिने पाहिले नाहीत. तुम्ही गाडीवर गेलात तरी घरी महिन्याला ७,५०० लागणारच. सहा महिन्यांचे झाले ४५,०००. तुमच्याकडे आहेत ३२,०००, म्हणजे पाचव्या महिन्यात घरचा डबा रिकामा. १५० रुपयांतून घरी काही पाठवता येईल असंही समजू नका. ढाब्यावर दोन वेळचं जेवण, दोन-तीन चहा, आंघोळ आणि संडासचे पैसे यातच ते संपतात, आणि गाडी दोन दिवस माल उतरवायच्या रांगेत उभी राहिली की उधारी होते.

त्याहून मोठी अडचण लायसनची आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रान्सपोर्ट गाडीच्या लायसनला परवानाधारक ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र लागतं, ज्याला नमुना ५ म्हणतात. ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाडीवर सहा महिने काय, सहा वर्षं काढली तरी ते मिळत नाही. तेव्हा ‘लायसन काढून देतो’ याचे दोनच अर्थ होतात. एक, शेवटी तुम्हाला स्कूलची फी भरावीच लागेल. दोन, तो कुठूनतरी न शिकता नमुना ५ चा कागद आणेल. दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका. अपघात झाला की पहिली चौकशी लायसन कसं निघालं याची होते. पहिला अर्थ धरला तर ४५,००० अधिक १५,००० फी अधिक सरकारी शुल्क वगैरे दीड हजार, असे ६१,५०० झाले. यालाच ‘फुकट’ म्हणतात.

आणि शिकाऊ लायसन नसताना रात्री रिकाम्या हायवेवर ‘घे थोडी हातात’ म्हणून स्टिअरिंग दिलं, तर विना लायसन गाडी चालवल्याचा दंड ५,००० आणि गाडी दिल्याबद्दल मालकालाही ५,०००. शिकाऊ लायसन असलं तरी पुढे-मागे ‘एल’ची पाटी आणि शेजारी त्या वर्गाचं पक्कं लायसन असलेला शिकवणारा माणूस हवाच. क्लीनरचं काम कमी दर्जाचं आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. ताडपत्री आवळणं, दोराची गाठ, टायरवर हात मारून हवा ओळखणं, वजनकाट्यावर गाडी घेणं, गाडी मागे घेताना ड्रायव्हरला आरशात दिसेल असं उभं राहणं, हे ज्याला येतं तोच पुढे चांगला ड्रायव्हर होतो. पण हे सगळं लायसन हातात आल्यावर, पगार घेऊन शिका.

आता तुमच्या हातातली चांगली गोष्ट, जी तुमच्याच पत्रात आहे. तुमची जिनिंग मे अखेर बंद होते. म्हणजे जून ते सप्टेंबर तुम्हाला तसंही काम शोधावंच लागतं. ट्रक शिकायचा तो याच काळात. चालू हंगामातलं काम सोडून मार्चमध्ये शिकायला गेलात तर दर महिन्याचे १२,००० गमवाल. पावसाळ्यात भाडीही थंड असतात. दसरा-दिवाळीपासून संत्रा, कापूस, सणाचा माल सुरू होतो, तेव्हा नवीन ड्रायव्हरलाही मालक गाडी देतात. तोवर तुमचा हात बसलेला असेल.

त्यासाठी कामं या क्रमाने करा. या महिन्यातच डोळे तपासून घ्या, रंग ओळखण्याची चाचणीही करायला सांगा. ट्रान्सपोर्ट लायसनला डॉक्टरचं नमुना १-अ प्रमाणपत्र लागतं. फी भरल्यावर लाल-हिरवा ओळखण्यात दोष निघाला की पैसे परत मिळवायला चपला झिजतात. चष्मा लागला तर घाबरू नका, चष्म्यासह नजर पुरेशी असली की झालं. तुमचं वय २० च्या पुढे आहे आणि कारचं लायसन एक वर्षाहून जुनं आहे, म्हणजे कायद्याच्या दोन्ही अटी तुम्ही पूर्ण करता. (वाचकांपैकी ज्यांची शाळा मधेच सुटली त्यांच्यासाठी: आठवी पासची अट २०१९ मध्ये काढून टाकली आहे.)

मेच्या पहिल्या आठवड्यात सरकारच्या सारथी पोर्टलवर शिकाऊ लायसनचा अर्ज करा. शुल्क १५० रुपये आणि चाचणीचे ५०. शिकाऊ लायसन मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्की टेस्ट देता येत नाही, आणि ते सहा महिने चालतं. हे ३० दिवस तुम्ही जिनिंगमध्ये पगार घेत काढायचे. बरेच जण काम सोडून, खोली घेऊन, मग शिकाऊ लायसनला अर्ज करतात आणि एक महिना नुसता बसून खातात. पुढे टेस्टचे ३००, लायसनवर नवीन वर्ग चढवण्याचे ५००. डॉक्टर, फोटो, स्मार्टकार्ड, पोस्ट धरून सगळ्याला दीड हजार बाजूला ठेवा. ज्या दिवशी दलाल याच कामाचे पाच हजार सांगेल त्या दिवशी हे आकडे आठवा. सावनेर नागपूर ग्रामीणमध्ये, म्हणजे एमएच-४० मध्ये येतं. शहराचं एमएच-३१ आणि पूर्व नागपूरचं एमएच-४९ ही कार्यालयं वेगळी. स्कूल शहरातलं असेल तर टेस्टच्या दिवशी त्यांची गाडी तुमच्या कार्यालयाच्या ट्रॅकवर आणणार का, हे फी भरण्याआधी विचारा. जड गाडी कुणी उसनी देत नाही, आणि ‘टेस्टच्या गाडीचे वेगळे’ म्हणून आयत्या वेळी दोन-तीन हजार मागितले जातात. नापास झाल्यास दुसऱ्या टेस्टला गाडी त्याच फीमध्ये की वेगळी, तेही पावतीवर लिहून घ्या. तीनदा नापास झालात तर पुढची संधी ६० दिवसांनी, म्हणजे घरखर्चाचे आणखी १८,०००.

खोलीचं म्हणाल तर साध्या स्कूलसाठी घेऊच नका. नियमाप्रमाणे ट्रान्सपोर्ट गाडीचं शिक्षण किमान ३० दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १५ तासांचं. म्हणजे दिवसाला स्टिअरिंग अर्धा तास! त्या अर्ध्या तासासाठी नागपुरात खोलीभाडं आणि खानावळ कशाला? एसटीचा मासिक पास काढा. त्यात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस जाता-येता येतं. तुमच्या हिशेबाने १४० गुणिले २०, म्हणजे २,८००. सकाळची पहिली बॅच मागा. जूनच्या सुरुवातीला नागपूरचं ऊन काही कमी झालेलं नसतं, केबिन तापायच्या आत तुमचा तास झालेला बरा. नवीन ट्रकना १ ऑक्टोबर २०२५ पासून एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण शिकवायला तुमच्या वाट्याला येणारी गाडी जुनीच असणार.

या १५ तासांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, कारण चोरी इथेच होते. केबिनमध्ये चौघं बसतात, गाडी दोन तास फिरते आणि चौघांच्याही रजिस्टरवर दोन-दोन तास लिहिले जातात. एक साधी वही करा. तारीख, गाडीवर बसलो ती वेळ, उतरलो ती वेळ, दोन्ही वेळचं किलोमीटर रीडिंग. रोज शिकवणाऱ्याची सही. दहाव्या दिवशी बेरीज पाच तासांपेक्षा कमी भरली तर त्याच दिवशी बोला, तिसाव्या दिवशी बोलून उपयोग नाही. सरळ रस्त्यावर गिअर बदलणं दोन-तीन दिवसांत येतं. खरा वेळ रिव्हर्स, चढावर गाडी मागे न सरकता उचलणं आणि अरुंद वळण यांना द्यायला लावा. सुरू केल्यावर लगेच गाडी हलवायची नाही, हवेचा काटा भरेपर्यंत थांबायचं. एअर ब्रेकच्या गाडीत हवा कमी असली की ब्रेक धरत नाही किंवा मागचं चाक सुटतच नाही. घाईत क्लच जाळून बसणारे नवशिके इथेच चुकतात, आणि त्याचे पैसे मागितले की भांडण होतं. क्लच, आरसा, बंपर यांचं नुकसान शिकताना झालं तर कुणाचं, तेही आधीच विचारून ठेवा.

मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र, ज्याला एडीटीसी म्हणतात, तिथे जड गाडीचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत असतो आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर आरटीओची टेस्ट माफ आहे. तुम्हाला रोज जाता येईल अशा अंतरावर असं केंद्र असेल तर फी थोडी जास्त असली तरी आम्ही तेच धरायला सांगू, पण मग दोन आठवड्यांचा घरखर्च वाढवून धरा. सरकारी कौशल्य योजनांतल्या बॅचना फी नसते, मात्र त्या कधी निघतील आणि स्टायपेंड असेल की नाही हे त्या-त्या जाहिरातीवर अवलंबून असतं. महाज्योती या सरकारी संस्थेचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. बार्टी आणि सारथी (ही संस्था, वरचं पोर्टल नव्हे) यांच्याही कौशल्य प्रशिक्षणाच्या जाहिराती निघतात. तुमच्या प्रवर्गाप्रमाणे एकदा चौकशी करा, पण त्या भरवशावर जून वाया घालवू नका.

आता स्कूलचा पूर्ण हिशेब. फी १५,०००, सरकारी आणि डॉक्टर १,५००, पास २,८००. झाले १९,३००. पण हा निम्म्याहूनही कमी खर्च आहे. जूनमध्ये शिक्षण, जुलैमध्ये टेस्ट आणि कार्ड येण्याची वाट, ऑगस्टमध्ये काम मिळालं तरी पगार सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तीन महिने घर चालवायचं, ९,००० प्रमाणे २७,०००. वर आजारपण-सणवाराला ५,०००. एकूण ५१,३००. तुमच्याकडे ३२,००० आहेत. मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांत घरखर्च जाऊन महिन्याला ३,००० उरले तर ४१,००० होतात. तूट १०,३००.

लायसन मिळालं की पगार सुरू, असं सगळेच समजतात. पण १५ तास गाडी चालवलेल्या माणसाच्या हाती कुणी २५ लाखांची गाडी आणि वर माल देत नाही, आणि ते बरोबरच आहे. दोन-तीन महिने जोड ड्रायव्हर म्हणून कमी पैशांत काढावे लागतात. त्या काळासाठी पैसे न ठेवणारा माणूस मालकाकडून उचल घेतो, आणि उचल घेतली की पुढचे वर्षभर ना पगार ठरवता येत, ना गाडी सोडता येत.

ही १०,३०० ची तूट भरायला तुमचं कारचं लायसनच कामाला लावा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून, ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, लिहिलेलं असतं. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप या गाड्या त्यात सहज बसतात. सावनेरहून नागपूरच्या कळमना बाजारात भाजी-धान्य आणणाऱ्या पिकअपवाल्यांशी आत्ताच बोलून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये २६ दिवस काम मिळालं आणि रोज ४०० धरले तरी १०,४०० होतात. तूट भरली. आणि पिकअपवर दोन महिने काढलेला माणूस मालाचा तोल, बिल्टी (मालाची पावती), वजनकाटा, गर्दीतला रिव्हर्स हे सगळं शिकून आलेला असतो. ट्रकमालक याला किंमत देतात. फक्त पहाटेपर्यंत गाडी चालवून सकाळी स्कूलच्या स्टिअरिंगवर बसू नका. म्हणून हे काम जूनमध्ये नाही, जुलैपासून.

बुटीबोरीच्या कंपनीचं काय? हा पर्याय टाकाऊ नाही. उलट कागद नीट झाले तर तिन्हीत उत्तम ठरू शकतो. सहा महिन्यांत ४२,००० येतील, घरी ४५,००० जातील, म्हणजे फरक फक्त ३,००० चा. पण पत्रात तुम्ही राहण्याचं लिहिलंय, जेवणाचं नाही. यार्डात जेवण नसेल आणि महिन्याला ३,००० खानावळीचे गेले तर सहा महिन्यांत १८,०००. तेव्हा पहिला प्रश्न जेवणाचा विचारा. कॅन्टीन असेल तर गाडीवर बाहेर असताना भत्ता वेगळा मिळतो का, तेही विचारा.

दुसरा प्रश्न, नमुना ५ कुठल्या स्कूलचा देणार. स्वतःचं परवानाधारक स्कूल किंवा तसा करार हवा. तिसरा, हे ७,००० कुठल्या नियमाने. शिकाऊ उमेदवार म्हणून घेत असतील तर करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेला असतो, त्याचा नंबर मागा. २०१९ च्या नियमांत दहावी पासला किमान ६,००० होते, आणि केंद्राच्या योजनेत सरकारचा वाटा, महिन्याला १,५०० पर्यंत, थेट उमेदवाराच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. तुमचं खातं आधारशी जोडलेलं आहे ना, बँकेत जाऊन बघून या. करार नोंदवलेला नसेल तर तुम्ही कामगार आहात आणि तुम्हाला किमान वेतन लागू होतं. विशेषतः शेवटच्या चार महिन्यांत, जेव्हा लायसन तुमच्या खिशात असेल आणि तुम्ही रात्री खरोखर गाडी ओढत असाल, तेव्हा ‘ट्रेनिंग’ म्हणून ७,००० घेऊ नका. लायसन मिळालं त्या तारखेपासून सेकंड ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता, हे वाक्य नेमणूकपत्रात लिहून घ्या.

ओरिजिनल लायसन आणि मार्कशीट देऊ नका. झेरॉक्स द्या, पडताळायला ओरिजिनल दाखवा आणि लगेच परत घ्या. लायसन दुसऱ्याच्या कपाटात असलं की दुसरीकडे मुलाखतीलाही जाता येत नाही. डिजिलॉकरमधलं लायसन रस्त्यावर चालतं, ते आजच मोबाइलवर उतरवून ठेवा. बॉण्डबद्दल दोन्ही टोकांचं ऐकायला मिळतं. कुणी म्हणतं बॉण्ड म्हणजे रद्दी, कुणी म्हणतं जेल होईल. दोन्ही खोटं. सोडून गेल्यावर जेल होत नाही, पण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कंपनी वाजवी भरपाई मागू शकते, लिहिलेल्या रकमेच्या आत. वाजवी म्हणजे त्यांचा खरा झालेला खर्च. म्हणून बॉण्ड नाकारण्यापेक्षा तो उतरता करून घ्या. ५०,००० ला १८ महिन्यांनी भागलं तर महिन्याला २,७७८ होतात. जितके महिने काम केलं तितकी रक्कम कमी, म्हणजे नऊ महिन्यांनी सोडलं तर २५,०००. पगार दोन महिने थकला किंवा गाडी पासिंगशिवाय (आरटीओच्या फिटनेस तपासणीशिवाय) चालवायला लावली तर बॉण्ड लागू नाही, हीही ओळ घाला. कंपनी नेक असेल तर हरकत घेणार नाही. कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्पपेपर मागितला तर तिथून उठून या.

आमचं मत विचाराल तर मार्चमध्येच बुटीबोरीला जाऊन जेवण, नमुना ५, लायसननंतरचा पगार आणि उतरता बॉण्ड या गोष्टी लेखी मागा. मिळाल्या आणि ओरिजिनल कागद परत देणार असतील तर जूनपासून तिथे. नाही मिळाल्या तर सावनेरहून पास काढून स्कूल. कंपनीत गेलात आणि यार्डातली खोली राहण्यासारखी नसेल, बाहेर दोघा-तिघांत खोली घ्यावी लागली, तर खर्च थोडा आवरता येतो. रेशनकार्डावरचं धान्य आता कुठल्याही दुकानातून उचलता येतं. तुमच्या वाट्याचं पाच किलो तुम्ही बुटीबोरीत घ्या, बाकी दोघींचं सावनेरला. गॅससाठी पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. पण तो गाडीत नेऊन केबिनमध्ये कधीही पेटवू नका. स्वयंपाक खाली उतरून, डिझेलच्या टाकीपासून लांब.

पुढे गाडीवर लागताना पगार कसा बोलायचा, तेही आत्ताच समजून घ्या. मालक तीन प्रकारे बोलतात. महिना पगार आणि रोजचा भत्ता, फेरीमागे ठरलेली रक्कम, किंवा एकगठ्ठा खर्ची (वाटखर्चाचे पैसे) देऊन ‘वाचेल ते तुझं’. नवीन माणसाने पहिलाच घ्यावा. फेरीच्या बोलीत आकडा गोड असतो. ‘भिवंडीची फेरी ३,५००, महिन्यात सात फेऱ्या, साडेचोवीस हजार झाले की नाही?’ असं सांगितलं तर कागदावर दिवस मांडा. समृद्धी महामार्ग नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर. जड गाडीला वेगमर्यादा ८०, भरल्या गाडीची सरासरी ५५ धरली तर पावणेतेरा तास नुसतं चालवणं. कामाचे तास कायद्याने दिवसाला आठ. म्हणजे जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. वाडीत माल भरायला अर्धा दिवस, तिकडे उतरवायला एक, परतीचं भाडं मिळायला एक-दीड. एक फेरी सात दिवसांची, महिन्यात चार. हातात येतात १४,०००. त्यात जेवण धरलंय का, हा पुढचा प्रश्न. सात फेऱ्या करायच्या म्हटलं तर झोप मारावी लागते, आणि समृद्धीवरच्या सरळ रस्त्यावर झोप मारलेला ड्रायव्हर किती धोक्यात असतो हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. ‘वाचेल ते तुझं’ मध्ये तर डिझेल, टोल, हमाली, पंक्चर सगळं तुमच्या अंगावर, आणि वाचवायला शेवटी तुमचं जेवण आणि झोपच उरते.

कपातीही आधी बोला. मालात शॉर्टेज, फुटलेला टायर, ई-चलन. ओव्हरस्पीडचं चलन तुमचं, पण ओव्हरलोडचं आणि कागद संपल्याचं मालकाचं. नुकसानीपोटी कापायचं तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाहीत. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) मागा. १४,००० पगारावर तुमचे महिन्याला १०५ रुपये जातात, पण अपघात झाला तर उपचार आणि घरी बसल्याचे पैसे मिळतात. प्रत्येक फेरीला वहीचं एक पान: बिल्टी नंबर, कुठून कुठे, निघतानाचं आणि पोचल्याचं किलोमीटर, डिझेल किती लिटर, खर्ची किती घेतली, कुठे किती गेली. गाडी लागली की त्याच दिवशी पानाचा फोटो मुनीमजीच्या व्हॉट्सअॅपवर. महिन्याने हिशेबाला बसल्यावर कुणालाच आठवत नाही की पुलगावला जॅकचे दिलेले ३०० कुणाचे.

पगार बँकेतच घ्या. रोख घेतलेल्या पगाराचा पुरावा नसतो, आणि अपघातात तुम्ही त्या गाडीवर कामाला होता हेच आधी सिद्ध करावं लागतं. वाडीवाल्याच्या खुराकीवर गेलेल्या क्लीनरच्या घरच्यांची अडचण इथेच होते. खात्यातून घराचे ७,५०० दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला बायकोच्या खात्यात जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. बचत गटाचं कर्ज काढावं लागलंच तर ते ऑगस्टच्या आत काढू नका. आठवड्याच्या हप्त्याचं मायक्रोफायनान्स तर नकोच, कारण हप्ता पुढच्या आठवड्यापासून सुरू होतो आणि तुमचा पहिला पगार सप्टेंबरमध्ये येणार आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात ४५६ रुपये राहू द्या. त्यातले २० रुपये अपघात विम्याचे आणि ४३६ जीवन विम्याचे, दोन्ही प्रधानमंत्री योजना, प्रत्येकी दोन लाखांच्या. त्यांचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि तुमचं स्टिअरिंगही त्याच दिवशी. फॉर्म बँकेत मिळतो, वारस म्हणून बायकोचं नाव घाला, आणि पासबुकात दोन्ही कपाती पडल्या का ते जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघा.